चौथा पट्टा

प्रामाणिकपणा हा विज्ञानाचा कणा आहे आणि अंजनवेलमध्ये तो ताठ ठेवण्याची जबाबदारी मी घेतो, असं मी भर ग्रामसभेत जाहीर केलं. टाळ्या पडल्या नाहीत. पहिल्या शब्दालाच माईक बंद पडल्यामुळे लोकांपर्यंत फक्त 'प्रामा' एवढंच पोचलं होतं.

जबाबदारी उर्वीच्या पट्ट्यांची होती. उर्वी ही माझी पुतणी, कृषी महाविद्यालयात एम.एस्सी. करते. सोयाबीनवर तांबेरा पडतो, म्हणजे पानांवर गंजासारखे ठिपके येतात आणि पानं गळतात. उर्वीचं म्हणणं असं, की बुरशीनाशक निम्मंच घेऊन त्यात दालचिनीच्या पानांचा अर्क मिसळला, तरी रोग आटोक्यात येतो. हे दाखवायला तिने माझ्या रस्त्याकडेच्या शेतात चार पट्टे आखले. पहिल्याला निम्मं औषध, दुसऱ्याला नुसता अर्क, तिसऱ्याला दोन्ही मिसळून. चौथ्याला काही नाही.

"काका, चौथा पट्टा रोगाने गेलाच पाहिजे," ती म्हणाली. "तो गेला नाही, तर बाकीचे कशाने वाचले हे मला सांगता येणार नाही. खेडलाही असेच पट्टे आखले होते, पण तिथे यंदा तांबेरा आलाच नाही. आता माझं वर्ष या चार पट्ट्यांवर आहे."

"माझ्या जिवंतपणी त्या पट्ट्याला कोणी वाचवणार नाही," मी शब्द दिला.

शेत रस्त्याला लागून, हीच अडचण. चौथ्यावर ठिपके दिसू लागल्यापासून गोपाळगडाकडे जाणारा प्रत्येक जण थांबून चौकशी करी. "भाऊ, बियाणं फसवं निघालं वाटतं?" "भाऊ, तब्येत बरी नाही का?" एका बाईंनी तर माझ्या बायकोला, सुमेधाला, शेताची दृष्ट काढायला सांगितलं. फवारणी करायचा शेजारचा बाळा, जहाजावरून निवृत्त झालेला खलाशी. चौथ्या पट्ट्याजवळून जाताना तो मान फिरवी, ओळखीच्या माणसाच्या दारात पोलिस उभे असावेत तशी.

मी मात्र रोज सकाळी देवाची परडी घेऊन फुलं तोडायला निघे, तेव्हा पट्ट्यावरून एक चक्कर मारी. पहारा म्हणून.

सप्टेंबरात उर्वी एसटीने आली. पहिल्या पट्ट्यावर ठिपके होते, दुसऱ्यावर जास्त होते, तिसरा स्वच्छ होता. पोरगी खूश झाली. चौथ्यापाशी पोचली आणि थांबली. चौथा हिरवागार होता. तिने वाकून पान हुंगलं.

"काका, याला मसालेभाताचा वास येतोय."

मी बाळाकडे पाहिलं. तो दगडी गडग्यावर बसून बोटं मोडत होता.

"उरलेला अर्क होता वो भाऊ. पंपात थोडा ऱ्हातोच. टाकायचा कुठं?"

"किती वेळा उरला?"

"दर आठवड्याला."

चाळीस वर्षांची मैत्री. या माणसाने मला कधी बुद्धिबळातही फसवलं नव्हतं. त्याला बुद्धिबळ येत नाही, ही गोष्ट वेगळी.

"नुसत्या अर्काने इतकं साफ होत नाही," उर्वी म्हणाली. "दुसरा पट्टा बघा ना. यावर औषधही पडलंय."

चहाचे कप घेऊन येणारी सुमेधा होती तिथूनच मागे वळली.

"सुमेधा!"

"ओरडू नका. तुम्ही दर मंगळवारी तरीच्या बोटीने खाडीपलीकडे दाभोळला जाता, तेवढ्यात झाकणभर टाकलं. लोक विचारतात, वहिनी, घरात काही कमी पडलं का? काय सांगू? धडधाकट पीक मुद्दाम मारतोय म्हणून?"

"अगं, मी शब्द दिला होता!"

"तुम्ही दिला होतात. मला कोणी विचारलं?"

बायको आणि मित्र एकाच हंगामात उलटले, तेही एकमेकांना न कळवता. उर्वी बांधावर बसली होती.

"म्हणजे तुझं मिश्रण चालतं हे दोनदा सिद्ध झालं," मी धीर दिला.

ती हसली नाही. "आजारी पट्टा कुठाय, काका? मी तुलना कशाशी करू? परक्या कोणी केलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं." मग तिने एक रोप हातात धरून पाहिलं. "आणि खालची पानं कुठायत? ही गळलेली नाहीत. नखाने खुडलीत."

सुमेधा बांधावर ठेवलेल्या माझ्या परडीकडे पाहू लागली. मग बाळाही.

"दोन-चार डागाळलेली पानं," मी म्हणालो. "फवारणी नव्हे ती. पट्टा माझ्यामुळेच हिरवा राहतोय, असं वाटून मला रोज अपराधी वाटायचं."

"तरी खुडत होतात?"

"बघवत नव्हतं गं."

उर्वीने वही उघडली, चौथ्या पट्ट्याच्या रकान्यात आमची तिघांची नावं लिहिली आणि सबंध पानावर आडवी रेघ मारली. "पुढच्या वर्षी पुन्हा पेरीन," ती म्हणाली. "पण जिथे मला कोणी ओळखत नाही, अशा ठिकाणी."

विश्वासघात या विषयावर काहीतरी भारदस्त बोलावं, म्हणून मी उभा राहिलो.

सुमेधाने परडी माझ्या हातात दिली. "आधी ही विसळून आणा. उद्या चतुर्थी आहे, आणि महिनाभर देवाला मी यातूनच फुलं वाहतेय."