पहिल्यासारखं करा

लातूरच्या ऑफिसात अर्शियाचा फोन वाजला तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते. नांदेडच्या एका रक्तपेढीतून रामलिंगकाका बोलत होते. तिथला सर्व्हर तेच सांभाळायचे.

"मॅडम, समदं शून्य दाखवून राहिलंय! एकबी पिशवी न्हाई, एकबी रक्तदाता न्हाई. अन् इकडं बाळंतिणीला ओ निगेटिव्ह पाहिजे."

रक्तपेढीच्या नोंदी ठेवणारं ते सॉफ्टवेअर अर्शियानंच लिहिलं होतं. आधी सर्व्हरची सेटिंग बदलायची तर एका लांबलचक फाइलीत शिरावं लागे. एक स्वल्पविराम चुकला की सर्व्हर बंद. काका त्या फाइलीला इतके भ्यायचे की प्रिंटर बदलायलासुद्धा फोन करायचे. म्हणून गेल्याच आठवड्यात तिनं सगळं स्क्रीनवरच्या एका मराठी पानावर आणलं होतं. मोठी बटणं, सोपे शब्द.

"काका, कशाला हात लावलात?"

"प्रिंटर बदलला, तो चालंना. म्हणून 'पहिल्यासारखं करा' दाबलं."

आता अर्शियाला उमगलं. काकांना वाटलं होतं, कालच्यासारखं होईल. तिनं मात्र त्या बटणानं सर्व्हर नवा बसवताना होता तसा कोरा होईल असं केलं होतं. नोंदी पुसल्या नसतील, सर्व्हर त्या दुसऱ्याच रिकाम्या जागी शोधत असेल, असं तिला वाटत होतं. पण खात्री कुठं होती? अन् बारा वाजता तो रोज नोंदींची नक्कल काढायचा, जुनी पुसून त्या जागी नवी. रिकामी नक्कल चढली तर संपलंच. सर्व्हर इंटरनेटला जोडलेला नव्हता. इथून तिला काहीच करता येणार नव्हतं.

"आधी कुणाला तरी फ्रीजपाशी पाठवा. पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून हवी ती पिशवी शोधू द्या."

"इथल्या तनुजा सिस्टर गेल्यात तिकडं."

"आता त्या पानावरचं 'नोंदींची जागा' उघडा. मी सांगते ते टाइप करा."

"मी न्हाई हात लावत. अजून काही बिघडलं तर?"

"भीती मलाबी वाटतीय, काका. पण तुमच्याशिवाय तिथं कुणी न्हाई."

पलीकडून की-बोर्डची टकटक ऐकू आली. तिनं एकेक अक्षर सांगितलं, काकांनी वाचून दाखवलं. एक चुकलं, पुन्हा लिहिलं. घड्याळात बाराला चार मिनिटं कमी.

"दाबू?"

"दाबा."

अर्शियानं डोळे मिटले.

"आल्या! मॅडम, समद्या नोंदी आल्या!" काका ओरडले. "अन् सिस्टरला पिशवीबी घावली. तपासून वर बाळंतिणीकडं पाठवली."

अर्शिया खुर्चीतच रडायला लागली.

"माझी नोकरी जाईल का हो?" काकांनी हळूच विचारलं.

"चूक तुमची न्हाई. बटणावर मी चुकीचं लिहिलं. तसं मी लेखी देते."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ती नांदेडला गेली. काकांच्या मागं खुर्ची टाकून बसली अन् म्हणाली, "मी काही बोलणार न्हाई. तुम्ही नुसतं काम करा." त्यांचं बोट जिथं घुटमळेल, तिथलं ती वहीत टिपत गेली. दुपारपर्यंत ते सतरा ठिकाणी घुटमळलं होतं, आणि त्या सतराही जागी तिनं लिहिलेले शब्द बदलायला हवे होते.