पोत्याखालचं नाव

अरे, तू फक्त ऐक! मध्ये बोलू नकोस, आधीच जीव दमलाय माझा.

मी एक जुनी पाटी आहे. लाकडाची, पुलाच्या तोंडाशी रोवलेली. माझ्यामागे नदी आहे. नदी म्हणजे काय रे, दहा महिने नुसती वाळू, मध्ये चार डोह, आणि पाऊस पडला की तांबडं पाणी. समुद्रापर्यंत पोचतच नाही ती! पश्चिमेला वळते आणि खारट मैदानात मुरून जाते.

एकदा नकाशे काढणारा एक साहेब उंटावरून इथून गेला. एकच दुपार थांबला आणि नदीला आपल्या मेहुणीचं नाव देऊन मोकळा झाला. लव्हिनिया नदी! त्या बाईने हा डोह कधी बघितलासुद्धा नाही. पण साठ वर्षं ते नाव मी छातीवर वागवलं, उन्हात रंगाचे पोपडे निघेपर्यंत.

इथल्या लोकांचं नदीसाठीचं नाव वेगळंच. एक आजी याच डोहाकाठी जन्मली, म्हणून तिचंही नाव तेच. नदीला ते परत मिळावं म्हणून तिने अकरा वर्षं कचेरीत अर्ज केले. गेल्या महिन्यात मला तासलं, रंगवलं, खरं नाव लिहिलं. काय खूश होते मी! आणि नवव्या दिवशी आजी गेली.

इथे माणूस गेलं की त्याचं नाव कुणी घेत नाही. लिहिलेलंही दिसू देत नाहीत, घरचे 'आता चालेल' म्हणेपर्यंत. त्याला दोन वर्षं लागतात, कधी तीन. म्हणून तर मीही तुला सांगत नाहीये. आजीच्या नातीने, लिअ‍ॅनने, माझ्यावर पिठाचं पोतं ठोकलं.

शुक्रवारी कचेरीतला ट्रेव्हर कॅमेरा घेऊन आला.

"नदीत पाणी नाही, पाटीवर नाव नाही. मी फोटो कसला काढू, पोत्याचा?"

"स्वतःचा काढ," लिअ‍ॅन म्हणाली. "पोत्याहून जरा बरा दिसतोस."

"हसण्यावारी नेऊ नको गं. आज फोटोत नाव दिसलं नाही तर नव्या नावाची मंजुरी रद्द. जुनं नाव परत लागेल. आजीची अकरा वर्षं फुकट!"

"माहितेय मला."

"मग मिनिटभर पोतं काढ ना. कोण बघतंय इथे?"

"ती बघतेय."

ट्रेव्हरचा आवाज खाली आला. "वारा सुटलाय. आपोआप उडालं, तर तुझा काय दोष?"

लिअ‍ॅन माझ्याकडे पाठ करून पुलाच्या कडेला बसली. खांदे हलत होते तिचे.

आणि खरंच वारा आला रे! एक खिळा निघाला, पोतं फडफडलं, पहिलं अक्षर उघडं पडायला आलं. ट्रेव्हरने कॅमेरा डोळ्याला लावला. उरला एकच गंजका खिळा, तोही माझ्याच लाकडात. जरा सैल सोडला की झालं!

मी तो घट्ट धरून ठेवला. फोटोत पोतंच आलं.

आता पुढच्या महिन्यात मला पुन्हा तासतील, पुन्हा ती मेहुणी. लिअ‍ॅन मात्र रोज येते, खिळा ठोकते, हात फिरवते माझ्यावर.

सांग ना, तू असतास तर सोडला असतास खिळा?