घासायची राहिलेली हंडी

मी पुरातत्त्व विभागाच्या कोठारातल्या लोखंडी मांडणीच्या तिसऱ्या कप्प्यातून बोलतेय. मातीची हंडी आहे, काठ फुटलेली.

चार हजार वर्षांपूर्वी एका सुनेच्या हातून माझ्यात शिजत असलेलं करपलं. सासू म्हणाली, "लक्ष कुठे होतं गं तुझं?" आणि मला उकिरड्यावर भिरकावलं. काठ गेला, पण खरवड बुडाला चिकटून राहिली.

मला उकरून काढणाऱ्या सरांना खरवडीशी देणंघेणं नव्हतं. "लख्ख घासा, नक्षी दिसली पाहिजे." माझ्या एकशे बारा बहिणी त्यांनी बादलीत बुडवून ब्रशने घासून घेतल्या. प्रत्येकीचं शेवटचं जेवण माझ्यादेखत मोरीतून वाहून गेलं. माझ्यावर नक्षीच नव्हती, म्हणून मी राहिले. त्या दिवशी मी डूख धरला.

सरांनी जाडजूड पुस्तक लिहिलं. इथले लोक फक्त गहू पिकवत, असं. बावीस वर्षं तेच खरं मानलं गेलं.

त्यांची एक जुनी विद्यार्थिनी मात्र म्हणायची, राळाही असणार, ते बारीक दाण्याचं भरडधान्य. ती धान्याच्या कोंड्याचे अवशेष तपासायची, म्हणून सर तिला कोंडाबाई म्हणत. सर निवृत्त होण्यापूर्वी तिला एवढं एकच सिद्ध करायचं होतं.

"एखादं न धुतलेलं भांडं द्या हो, सर."

"आमच्याकडे खरकटी भांडी नसतात, कोंडाबाई."

तिने एकेक कप्पा चाळला आणि अकराव्या दिवशी मी सापडले. नखाएवढी खरवड तिने हलक्या हाताने काढली. कोंडा जळला तरी त्यातले काचेसारखे कण उरतात, आणि त्यांच्या कडांवरून धान्य ओळखता येतं. तिने सूक्ष्मदर्शकातून तीनदा पाहिलं. राळाच होता, आणि तोही आज पेरल्या जाणाऱ्या कुठल्याच जातीशी न जुळणारा.

सर आले, वाकून पाहिलं. "एका हंडीवरून काय ठरतं? बाकीची भांडी तपासा."

"तपासली असती, सर. तुम्ही घासून घेतलीत ना."

सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मला वाटलं, अजून घासा. लख्ख घासा.

माझ्या गळ्यात बांधायची चिठ्ठी कोंडाबाईने त्यांच्याच हातून लिहून घेतली. "तुमचं अक्षर सुंदर आहे, सर," असं म्हणून.

तुमच्या घरचं करपलेलं भांडं खुशाल घासा. पण मातीतून वर आलेल्या भांड्याला पाणी लावण्याआधी त्याचं पोट बघा. एकशे बारा बहिणी माझ्या शेजारीच आहेत, चकचकीत आणि मुक्या. म्हणून येणारा-जाणारा ती चिठ्ठी मोठ्याने वाचतो, तेव्हा मी कान देऊन ऐकते. सरांच्या वळणदार अक्षरात दोनच शब्द आहेत: धुऊ नये.