तीन उपाशी रांगा

बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मार्लोसला आपल्या काचघरात टोमॅटोच्या शेवटच्या तीन रांगांची खालची पानं पिवळी दिसली. बाकीच्या रांगा हिरव्यागार होत्या. नेमक्या याच तीन रांगांवर बियाणं कंपनीची चाचणी चालू होती. फळं भरली नाहीत, तर चाचणी दुसऱ्याकडे जाणार होती.

पाणी आणि खत सगळ्यांना सारखंच होतं. उजेड कमी पडला की रोप आधी साठवलेली साखर संपवतं, मग स्वतःचीच जुनी पानं मोडून जगतं. दिव्यांच्या नोंदीत मात्र रोज सोळा तास उजेड होता. नोंद ठेवायचा तिचा दीर, तेउन.

दहाच्या कॉफीला तिने विचारलं, "तिकडचे दिवे बंद ठेवतोस का रे?"

"का वहिनी, रोपांनी चुगली केली?" त्याने बिस्कीट कपात बुडवलं.

"त्या बाजूचा पडदा फाटलाय. उजेड इरमाच्या खिडकीत जातो. तुझ्या लाडक्या शेजारणीची झोप मोडते ना!"

"दिवे जुने झालेत, एवढंच."

"बरं. दुपारी पानं प्रयोगशाळेत देते. तेच सांगतील."

तो हसला नाही.

इथे खालची पानं शुक्रवारीच काढतात. दुपारी दोनला मार्लोस पिशवी घेऊन गेली, तेव्हा तिन्ही रांगांचे बुंधे उघडे होते. एकही पिवळं पान शिल्लक नव्हतं, कचऱ्याची गाडीही निघून गेली होती. पानं कोणी काढली, हे अजून कोणीही कबूल केलेलं नाही.