न्हाणीतला दगड

"आक्का, आपल्या बाला तो दगड नेमका कुठं घावला होता?"

बेबीनंदा शाळेच्या खिचडीत तिखट टाकत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. आवाज धाकट्या भावाचा, संघपालचा होता आणि हा प्रश्न तो चार महिने उशिरा विचारत होता.

तो स्वयंपाकखोलीच्या दारात उकिडवा बसला होता. इस्त्रीची पँट मळू नये म्हणून गुडघ्यावर ओढून धरलेली. बाहेर पटांगणात पुण्याहून आलेली जीप उभी होती. जीपमधल्या सुमेधा मॅडम आणि त्यांच्या दोन विद्यार्थिनी दोन दिवसांपासून गायरानातल्या ओढ्याकाठी खणत होत्या. त्यांना काळी माती आणि एक फुटकी चिलीम एवढंच मिळालं होतं. दुसरं मिळणार तरी काय? दगड तिथला नव्हताच. हे गावात दोघांनाच ठाऊक होतं. एक खोटं बोललेला आणि एक गप्प बसलेली.

दगड होता त्यांच्या न्हाणीतला. वीतभर लांब, तपकिरी, हाताला जड, आणि वरच्या अंगाला एकाशेजारी एक अशा उभ्या धारा. टाचा घासायला त्याच्यासारखा दगड साऱ्या आळीत नव्हता. शेजारची साळूबाई जिवंत होती तोवर लग्नसराईत तो मागून न्यायची आणि परत द्यायला विसरायची. बेबीनंदाचा बाप पुंजाराम यानं तो आणला तेव्हा, जात्याला लावतात तशी कुणीतरी छिन्नीनं टाकी लावलेला हा दगड आहे, असंच त्याला वाटलं होतं. पुढं अडतीस वर्षं घरातल्या सगळ्यांना तसंच वाटत राहिलं. संघपालला पहिलीत घातलं त्या दिवशी बेबीनंदानं त्याच्या भेगाळलेल्या टाचा याच दगडानं घासून काढल्या होत्या. आई आधीच गेलेली. भाऊ कडेवर आला तेव्हा तिचं चौथीतलं पुस्तक जे मिटलं ते मिटलंच. त्याचं तिनं कधी रडगाणं गायलं नाही. लग्न झालं, नवरा वारला, ती माहेरी परतली आणि शाळेत खिचडी शिजवू लागली. भाऊ शिकला, तालुक्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवू लागला. आपलं शिक्षण त्याच्यात झालं, असं ती खुशाल म्हणायची.

चार महिन्यांपूर्वी एका रविवारी तो गावी आला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात पृथ्वीचं वय शिकवायचं होतं. त्यानं आईचं जुनं नऊवारी लुगडं अंगणात लांबच्या लांब पसरलं आणि बहिणीला शेजारी बसवून तालीम केली. ह्या टोकाला पृथ्वी जन्मली. पार पदर सुरू होईपर्यंत नुसतं बारीक जिवाणूंचं राज्य. आपल्या पायाखालचा काळा पत्थर तापून वाहिला, तो पार त्या टोकाच्या सहा बोटं अलीकडं. आणि माणूस?

"माणूस शेवटच्या दोऱ्यावर, आक्का. काठाचा शेवटचा दोरा."

बेबीनंदा तो दोरा चिमटीत धरून कितीतरी वेळ बसली होती. एवढ्याशा दोऱ्यावर आपण किती भांडतो, असं ती म्हणाली आणि दोघं हसले. तिला ते फार आवडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला पुढ्यात बसवून शिकवत होतं. मग त्यानं मोबाइलवर जीवाश्मांची चित्रं दाखवली. हाडं, शिंपले, पानं. एका चित्राशी ती थांबली. जुन्या काळच्या हत्तीची दाढ होती ती.

"हे तर आपल्या न्हाणीत हाय," ती म्हणाली.

ओळखलं तिनं. भावानं नव्हे. तो उठून न्हाणीत धावला, दगड धुऊन उन्हात आणला आणि मोबाइलमधल्या चित्राशेजारी धरला. "आक्का, हा पन्नास हजार वर्षांचा असंल, जास्तीबी असंल." पुढं त्यानं एक गोष्ट समजावून सांगितली, ती तिनं मनात पक्की बसवली. दगड कुठल्या थरात सापडला हे ठाऊक असलं तर तो बोलतो, नाहीतर मुका. तो म्हणाला, तपासून आणतो आणि बाचं नाव लावतो. दगड तिच्याच जुन्या ओढणीत गुंडाळून नेला.

महिन्याभरानं पेपरात फोटो आला. हातात दगड घेतलेला संघपाल, मागं त्याचे विद्यार्थी. क्षेत्रभेटीच्या वेळी गायरानातल्या ओढ्याकाठी शिक्षकाला दुर्मीळ जीवाश्म सापडला. बेबीनंदानं ती बातमी बोट फिरवत तीनदा वाचली. पुंजाराम कुठंच नव्हता. न्हाणी नव्हती. तिनं फोन केला तेव्हा तो आधी चिडला, मग खालच्या आवाजात म्हणाला, "आक्का, पेपरवाल्यास्नी काय सांगू, आमच्या घरी टाचा घासायचा दगड व्हता म्हणून? लोक हसतेल."

लोक हसतील. कुणाला? तिनं फोन ठेवला आणि त्यानंतर स्वतःहून कधी केला नाही. स्वतःच्या नावाचं तिला काही नव्हतं, पण बाचं नाव यायला हवं होतं. बाप आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खणत मेला, त्याच्या नावानं उतारा नाही की पाटी नाही. एकच वस्तू होती, ती लेकानंच पळवली. परक्यानं नेली असती तर तिनं शिव्या घालून मन मोकळं केलं असतं.

आणि आता तोच दारात बसून जागा विचारत होता.

"तू त्या टायमाला जन्मलाबी नव्हतास," ती म्हणाली. "नदीच्या दरडीला भाकरी घेऊन मी गेल्ते. मला दिसती ती जागा."

"मंग दाखीव ना. मॅडम उद्या वापस चालल्यात. काहीच घावलं न्हाई तर समदं खोटं ठरंल."

"दाखविते. पन मॅडमसमोर एकदा सांग, बाला घावला म्हणून. तेवढंच."

"सांगतो," तो म्हणाला. "बराबर सांगतो, आक्का."

पोरांची पंगत उठवून ती घरी गेली आणि रांजणापाशी बसली. पुंजारामच्या टिकावाचा पहिला घाव बसला तेव्हा दगडाचा कोपरा उडाला होता. तो कपचा रांजण डुगडुगू नये म्हणून त्यानं खाली अटकण म्हणून दिला होता. तिनं तो ओढून काढला, पदराला पुसला आणि मुठीत घेऊन शाळेत आली.

सुमेधा मॅडम जीपपाशी उभ्या होत्या. साधी बाई होती, उन्हानं रापलेली. संघपाल पुढं झाला. बेबीनंदानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"मॅडम, ह्या बाई इथं खिचडी करतात," तो म्हणाला. "यांना नदीकाठची माहिती आहे. यांचं म्हणणं आहे की तिकडंही एकदा पाहावं."

ह्या बाई. आक्का नाही, बहीण नाही. तिला आधी वाटलं, आपल्या मागं दुसरी कुणी उभी आहे. मग तिच्या कानशिलापर्यंत सगळं तापलं. याच्यासाठी आपण पुस्तक मिटलं होतं, हे तिला तोवर कधी टोचलं नव्हतं. त्या घडीला टोचलं.

ती माघारी वळू शकली असती. पण दगड मुका राहिला असता, आणि बासुद्धा. ती जीपमध्ये बसली.

गोदावरीला त्या भागात गंगाच म्हणतात. गंगेच्या दरडीत एक गंजका पाइप बाहेर डोकावत होता. गावच्या बागाईतदार काकासाहेबांच्या पाइपलाइनचा चर बानं खणला तो इथंच. बेबीनंदानं पाइपापासून पावलं मोजली, खाली उतरली आणि घट्ट वाळूगोट्यांच्या पट्ट्यावर हात ठेवला. वर पिवळी माती, मध्ये राखेसारखी एक रेघ, खाली हा थर. मॅडम तिच्याशेजारी गुडघे टेकून बसल्या आणि थरावरून बोट फिरवू लागल्या.

"ताई, तुम्हाला हीच जागा कशी ठाऊक?"

बेबीनंदानं संघपालला एक संधी दिली. तो नदीकडं बघत होता.

"माझ्या बापाला हितं घावला तो दगड," ती म्हणाली. "वढ्याकाठी न्हाई."

"यांचा काहीतरी गैरसमज होतोय, मॅडम," संघपाल घाईनं म्हणाला.

तिनं मूठ उघडली. मॅडमनी जीपमधून कापसाची पेटी मागवली, संघपालनं तपासायला दिलेली दाढ बाहेर काढली आणि कपचा तिच्या तुटक्या कोपऱ्याला लावला. धारेला धार जुळली. फट राहिली नाही. विद्यार्थिनींपैकी एक हळूच "अगं बाई" म्हणाली.

मॅडमनी वही काढली. शोधणाऱ्याचं नाव विचारलं.

"पुंजाराम. ल्याहा. रोजानं खनायचा." ती थांबली. "आमच्या घरी टाचा घासायला व्हता तो. तेबी ल्याहा."

मॅडमनी तेही लिहिलं. हसलं कुणीच नाही. मग त्यांनी संघपालकडं पाहिलं, परत तिच्याकडं पाहिलं. दोघांचं नाक, कपाळ एकच होतं. दगड वाचणाऱ्या बाईला ते दिसलं नसतं तर नवल.

"आणि सर तुमचे कोण, ताई?"

संघपालनं मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते. पहिलीच्या दारात तिचा पदर सोडेना तेव्हा असेच भरले होते.

"सर हायेत ते," बेबीनंदा म्हणाली. "लेकरांस्नी शिकवितेत."

कपचा तिनं मॅडमच्या हवाली केला. संघपाल जीपमध्ये बसायला म्हणाला, पण ती बांधाबांधानं चालत घरी आली.

पायाला गंगेची वाळू लागली होती. न्हाणीत पाणी घेऊन ती बसली आणि सवयीनं हात कोपऱ्यात गेला. फरशीवर वीतभर डाग उरला होता. तिनं तळहातानंच टाचा चोळल्या. मग उठून रांजणाखाली विटेचा एक तुकडा सारला. तो बसेना. दुसरा सारला, तोही बसेना.