कंबरसुख खुर्चीतून उठण्याची रीत

ताठरावाला ताठराव म्हणत ते काही मानापायी नव्हे. त्याच्या कंबरेतली एक चकती जागा सोडून शेजारच्या नसेवर जाऊन बसली होती, त्यामुळे गडी वाकायचाच नाही. आणि पोटासाठी विकत काय होता, तर 'कंबरसुख' खुर्च्या!

दुकान बायकोच्या थोरल्या भावाचं. हा मेहुणा दिवसभर काचेच्या केबिनमध्ये बसून सगळ्यांवर डोळा ठेवायचा. जेवायलासुद्धा बाहेर यायचा नाही. लोकांना ती शिस्त वाटायची. कालच त्याने गोड आवाजात बजावलं होतं, "भावोजी, कंबर धरून उभा राहणारा माणूस खुर्च्या काय विकणार? पुन्हा कंबरेवर हात दिसला, तर तुमची रवानगी गोदामात." गोदामात म्हणजे सकाळपासून खोकी उचलायची. तिथून आपण घरी आडवेच येणार, या विचाराने ताठरावाची पाचावर धारण बसली होती.

म्हणून त्याने एक नियमच केला होता: दुकानात बसायचं नाही. बसणं सोपं होतं, उठताना प्राण कंठाशी यायचे.

आज गणिताच्या एक निवृत्त बाई आल्या. त्यांनी माहितीपत्रक बाजूला सारलं. "ते राहू द्या. आधी तुम्ही बसून दाखवा."

मेहुणा बघत होता. ताठराव बसला. शेजारच्या खुर्चीत बाईही बसल्या.

मग ताठराव जो सुटला! हात, पाठ, कापड, शिलाई, चाकं. सगळं सांगून झालं, तेव्हा पुन्हा हातांपासून सुरुवात केली. बाईंनीही प्रश्नांचा सपाटा लावला. खुर्ची पुसायची कशाने? ओल्या फडक्याने. कोरड्या फडक्याने पुसली तर? अर्धा तास गेला. ताठराव तोंडाने हसत होता आणि मनात बाईंना शिव्या घालत होता, कारण त्या टळल्याशिवाय त्याला उठायची धडपड करता येणार नव्हती.

शेवटी बाई हळूच म्हणाल्या, "उठता येत नाहीये ना?"

"नाही. तुम्हाला?"

"गुडघ्यांची पार वाट लागलीय. मला वीस मिनिटांपूर्वीच निघायचं होतं."

ताठरावाला इतकं बरं वाटलं, की बाईंच्या पायाच पडावं. पण वाकणार कोण?

"हात मिळवा," बाईंनी फर्मावलं. "सौदा ठरल्यासारखा. तीन म्हटलं की ओढायचं."

"आई गं!" दोघं एका सुरात ओरडले आणि उभे राहिले. ताठरावाचा डावा हात सवयीने कंबरेवर गेला.

केबिनची काच सरकली. "घेतली का खुर्ची?"

"छे! हिच्यातून उठायला दुसरा माणूस लागतो," बाई म्हणाल्या. "तोही बरोबर देणार असाल तर बघू."

मेहुणा लालबुंद झाला. "भावोजी! हात बघितला मी! थांबा, आलोच!"

मेहुण्याने दोन्ही तळवे टेबलावर टेकले, अर्धवट उठला आणि तिथेच अडकला. ना वर, ना खाली.

"भावोजी," तो कण्हला, "घरी काही बोलू नका."

बाईंनी त्याला चष्म्यातून नीट न्याहाळलं. "वजनदार प्रकरण आहे. दोघं लागू."

"सावकाश चला, बाई," ताठराव म्हणाला आणि दोन्ही हात खुशाल कंबरेवर ठेवून केबिनकडे निघाला.