पहिला तुकडा उंदराचा

घरात कडक भाकरीचा धंदा आणि सासरा उंदरांना जेवू घालणारा. सांगा आता, असलं कुणाच्या वाट्याला येतं?

सिदूमामा, माझे सासरे, नव्वदीला टेकलेले. मूळचे मंगळवेढ्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि मामा चांद्याकडं कोळशाच्या खाणीत कामाला लागले. पुढची सगळी उमर जमिनीखाली काढली. सासूबाई तिकडंच वारल्या. मग रिटायर होऊन सोलापूरला लेकाकडं आले, ते एक ट्रंक, खोकला आणि ही एक खोड घेऊन. जेवायला बसले की भाकरीचा पहिला तुकडा मोडायचा, मागं कोपऱ्यात टाकायचा आणि मगच आपण खायचं. तुकडा उंदरासाठी.

मी नवी नवरी होते तवा चिडून विचारलं होतं, "मामा, ह्ये काय चालवलंय तुमी?"

"खाणीत सगळीच करत्यात," मामा म्हणले. "छत खाली यायच्या आधी उंदराला कळतं, पोरी. ते पळालं की आपण पळायचं. मग त्याला खायाला नको घालाया?"

मामा असेच पळून वाचलेले. एकदा डबे उघडून बसले असताना उंदरं एकदम भाईरच्या वाटेनं धावली. मामा आणि त्यांचा जोडीदार गौस, दोघं त्यांच्या मागं पळाले. अर्ध्या वाटेत गौस बाकीच्यांना हाका मारायला माघारी फिरला. मामा फिरले न्हाईत. गौस परत वर आलाच न्हाय. मामांनी हे मला जोंधळे निवडता निवडता सांगितलं, मान वर न करता. मी "असू द्या मामा, जुनं झालं ते" म्हणून मोकळी झाले. मला भाकरी थापायच्या होत्या.

यंदा थंडीत टेंभुर्णीच्या ढाबेवाल्यानं माझा सगळा माल परत पाठवला. पाकिटं कुरतडलेली, आत लेंड्या. फोनवर काय काय बोलला, ते मी तुमाला सांगत न्हाय. माझं डोकं असं फिरलं म्हणता! संध्याकाळी मामा कोपऱ्यात तुकडा टाकून हात धुवायला गेले आणि मी त्याच तुकड्याला उंदराचं औषध चोपडलं. दुसरीकडं कुटं टाकलं असतं तर उंदरांनी शिवलं नसतं, लई हुशार जात. पण मामांच्या तुकड्यावर त्यांचा भरवसा होता. मला ते ठाऊक होतं, म्हणून तर तोच तुकडा निवडला.

सकाळी मामा उठायच्या आत मेलेली उंदरं कागदात गुंडाळली आणि घंटागाडीत टाकली. कुणाला बोलले न्हाय, नवऱ्याला बी न्हाय.

मग कोपऱ्यातला तुकडा तसाच राहायला लागला. आज तसाच, उद्या बी तसाच. मामांचं तोंड उतरलं.

"उंदरं गेली, सुकन्या."

"बरं झालं की."

"बरं न्हाय. घर सोडून गेली ती. छत येणार हाय."

काठी घेऊन मामा खोलीखोलीत स्लॅब ठोकत हिंडायला लागले. ठोकायचं, कान वर करायचा, पुढं सरकायचं. आमा सगळ्यांना म्हणायचे, भाईर अंगणात झोपा. माझा नवरा बिरुदेव हसला. "आबा, ही खाण न्हाय. लोखंड घालून बांधलंय." पोरांना बी हसू आलं. त्या थंडीत अंगणात कोण झोपणार?

कुणी ऐकेना म्हणल्यावर मामांनी आपली बाज ओढत उंबऱ्याशी नेली. अर्धी आत, अर्धी भाईर, आणि दार सताड उघडं. म्हणले, "तुमी झोपा. आवाज आला की मी हाक मारतो. या बारीला हाक मारल्याबिगर जायचो न्हाय."

तवा मला कळलं. गौसचं सगळं डोळ्यापुढं आलं. मी एवढंच बोलायचं होतं, "मामा, उंदरं पळाली न्हाईत, मी मारली." म्हातारा बाज उचलून आत आला असता. रोज सकाळी चहा द्यायला गेले की ते तोंडापर्यंत यायचं, आणि मी "साखर बरोबर हाय का" विचारून माघारी यायची. या माणसानं मला कधी शब्दानं दुखवलं नव्हतं. माझ्या भाकरीचं कौतुक आल्यागेल्याला सांगायचे. त्यांनी एकदा नुसतं माझ्याकडं बघितलं असतं, त्याचंच भ्या वाटलं मला. म्हणून त्यांच्या अंगावर आणखी एक चादर घातली आणि लई केलं असं स्वतःला समजावलं.

खोकला छातीत उतरला. दवाखान्यात डॉक्टर म्हणले, फुप्फुसात कोळसा बसलाय, त्यात ही थंडी, वय झालेलं. बिरुदेव औषधं आणायला खाली गेला होता. मामांनी नाकावरचा मास्क बाजूला केला आणि माझं मनगट धरलं.

"पोरं भाईर हायत न्हवं?"

आता सांग, मी स्वतःला म्हणलं. आता न्हाय सांगितलंस तर मग कधी? आणि तोंडातून आलं, "व्हय मामा. सगळी भाईर हायत."

"तू?"

"मी बी."

त्यांनी हात सोडला. दुपारी गेले. पोरं तवा घरीच होती, त्याच छताखाली अभ्यास करत.

दहावा गावाकडं, माण नदीच्या काठावर होता. मी मनाशी पक्कं केलं होतं, कावळा काय शिवायचा न्हाय. कसा शिवंल? मग भावकी अडून बसंल, जो तो काय काय कबूल करंल, तवा मी सगळ्यांच्या देखत सांगायचं. सोलापूरपासून जीपमध्ये तेच घोकत आले होते. निवद ठेवला, वर भाकरी ठेवली. मागं सरले, हात जोडायला पदर सावरते तोवर कावळा खाली आला आणि भाकरी घेऊन गेला.

नणंद फुलाबाई डोळे पुसत म्हणली, "आबांचा जीव कशातच अडकला नव्हता बघा. सुकन्यानं लई केलं त्यांचं." सगळ्यांनी माना हलवल्या. मी जीपमध्ये जाऊन बसले.

कावळा का म्हणून अडंल? मामा गेले ते आमी सगळी भाईर हाय असं समजून. तसं मीच सांगितलं होतं की. संध्याकाळी घरी आलो. बिरुदेवनं उंबऱ्यातली बाज आत घेतली, दार लावलं, आणि आमी त्या छताखाली जेवायला बसलो.